जसंच्या तसं, की पहिल्यापासून?

उत्साही : ताई, तुमचा लॅपटॉप संपलेला नाही, त्यातली हार्डडिस्क थकलीय. लोक या दोन गोष्टी एकच धरतात आणि चांगलं मशीन भंगारात घालून हप्त्यावर नवं आणतात. तुमच्या डिस्कची तबकडी मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद. एखादी नोंद वाचायची तर आधी वाचणारा हात त्या वर्तुळावर न्यायचा, मग ती नोंद फिरत फिरत हाताखाली येईपर्यंत थांबायचं. दोन्ही मिळून पंधरा-सोळा मिलिसेकंद गेले. सेकंदाला साठ-सत्तर वाचनं झाली की तिची ताकद संपली. विंडोज मात्र सुरू होताना इकडंतिकडं विखुरलेल्या हजारो बारक्या फाइली चाळते. म्हणून सकाळी चालू केलेला लॅपटॉप कामाला लागेपर्यंत तुमच्या सेवा केंद्राच्या दारात पीकविम्याची रांग लागलेली असते. तिच्या जागी बसवायच्या एसएसडीत फिरणारं काहीच नाही, सगळं चिपमध्ये. तिथं तेच वाचन मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्शात होतं. मोठी फाइल सलग कॉपी केलीत तर वेग पाचपट दिसेल, सेकंदाला १०० एमबीच्या जागी ५००. बारक्या फाइलींत तो दीडशेपटीच्या घरात जातो, आणि रोजच्या कामात जाणवतो तो हाच. प्रोसेसर तोच, रॅम तीच. मी जुन्या डिस्कचा क्लोन, म्हणजे जशीच्या तशी प्रत, काढतो, नवी बसवतो, आणि तुम्ही उघडाल तेव्हा प्रिंटर, थंब मशीन, श्री-लिपी, डेस्कटॉपवरचे फोल्डर, सगळं जागच्या जागी असेल.

साशंक : जागच्या जागी, हेच तर मला नको आहे. विहिरीतला गाळ न काढता नुसती मोटार बदलली तर चार दिवस पाणी जोरात येतं, मग तोच गाळ नव्या मोटारीत जातो. या लॅपटॉपमध्ये काय काय साठलंय ते मलाच माहीत नाही. कुणी पेनड्राइव्ह आणतो, कुणी व्हॉट्सॲपवर पीडीएफ पाठवतो, कुठल्या पोर्टलनं काहीबाही डाउनलोड करायला लावलेलं असतं, फोटो २०० केबीच्या आत बसवायचा म्हणून फुकटचं सॉफ्टवेअर टाकलेलं असतं. त्यातलं निम्मं आता कामाचं नाही, तरी मशीन चालू झालं की तेही उठून बसतं. तुझ्या दीडशेपटीतलं किती ही अडगळ खाणार? आणि ज्या विंडोज १० वर हे सगळं उभं आहे तिची मुदतच १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. माझा प्रोसेसर इंटेलचा, सातव्या पिढीतला. विंडोज ११ ला आठवी पिढी लागते, टीपीएम २.० लागतं. म्हणजे जिला आता कुणी वाली नाही अशी व्यवस्था तू उचलून नव्या डिस्कवर ठेवणार. माझ्याकडं लोकांची आधार कार्डं येतात, पासबुकं येतात, पैसे भरायची पोर्टलं इथंच उघडतात. अशा मशीनचा नुसता वेग वाढवून काय साधणार? नवी डिस्क टाकायचीच तर तिच्यावर सगळं पहिल्यापासून घाल.

उत्साही : पहिल्यापासून घालणं म्हणजे काय ते एकदा शेवटपर्यंत बोलून घेऊ. नुसतं विंडोज घालायला तासभरही लागत नाही. तिची किल्लीही हरवत नाही. विंडोज ८ पासून कंपनीच्या लॅपटॉपमध्ये ती मदरबोर्डवरच असते, डिस्क बदलली तरी परवाना टिकतो. खरं काम पुढंच आहे. थंब मशीनचा ड्रायव्हर आणि आरडी सर्व्हिस. डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर. प्रिंटर, आणि त्याचं ते कागदाच्या मापाचं सेटिंग, जे कुणीतरी एकदा जमवून दिलं आणि परत हात लावू नका म्हणून सांगितलं. स्कॅनर. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, ज्यातले निम्मे तुम्हाला पाठ नाहीत. यातलं एक जरी अडलं तर त्या दिवशी केंद्र बंद, आणि लांबच्या गावाहून एसटीनं आलेली म्हातारी हयातीचा दाखला न होताच परत जाते. हे सगळं मी क्लोनमध्ये तासा-दीड तासात हलवतो. विंडोज १० ची काळजी मलाही आहे. पण घरगुती वापरासाठी सुरक्षेची दुरुस्ती ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवून मिळण्याची सोय आहे. तेवढ्या अवधीत नवं मशीन घ्यायचं की नाही हे घाईगर्दी न करता ठरवा. डिस्क तोवर वाया जात नाही. उद्या लॅपटॉप गेला तर तीच एसएसडी काढून केसमध्ये घातली की बाहेरची डिस्क म्हणून चालते. आणि ताई, श्री-लिपीची सीडी कुठंय तुमची?

साशंक : नाही माझ्याकडं. ज्यानं घालून दिली त्यानं तो धंदाच सोडला. तू बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलंस, पण त्यातून निघणारा अर्थ मी वेगळा लावते. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. तरी आपल्याकडं टायपिंगवाल्यांचं, छापखान्यांचं सगळं आयुष्य पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्री-लिपीत नाहीतर सी-डॅकच्या आयएसएममध्ये गेलं. त्या फाइलींत मराठी अक्षर मराठी म्हणून साठवलेलंच नसतं. रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात. फॉन्ट आहे तोवर मराठी दिसतं, फॉन्ट गेला की नुसती इंग्रजी चिन्हांची खिचडी. माझ्याकडं त्या फॉन्टमध्ये वाटणीपत्रांचे मसुदे आहेत, सोसायट्यांची इतिवृत्तं आहेत, यात्रेच्या पत्रिका आहेत, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्यांचे करार आहेत. आज ते एका मशीनच्या, एका परवान्याच्या भरवशावर जगतायत. तू क्लोन केलास की तो भरवसा आणखी चार वर्षं लांबतो आणि मी निवांत होते. आजवर मी हेच करत आलेय. मशीन चालतंय ना, मग बघू पुढं. पहिल्यापासून घालायचं म्हटलं असतं तर एव्हाना ते सगळं युनिकोडमध्ये आणणं भाग पडलं असतं.

उत्साही : आणायलाच पाहिजे, याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण आणणार कशातून? रूपांतर करणारी साधनं आहेत, तरी त्यांनी केलेलं डोळ्यांखालून घालावं लागतं. रफार भलत्याच अक्षरावर जातो, जोडाक्षर फुटतं, ‘दर्‍या’मधला र हरवतो, आकड्यांच्या जागी दुसरंच काही येतं. विहिरीच्या पाळीच्या करारात ‘सहा’चे ‘सात’ झाले तर तो कागद असून नसल्यासारखा. ते तपासायला मूळ फाइल मूळ फॉन्टमध्ये शेजारी उघडी पाहिजे, म्हणजे चालू श्री-लिपी पाहिजे, म्हणजे हेच जुनं विंडोज पाहिजे. तुम्ही म्हणता तसं पहिल्यापासून घातलं असतं तर रूपांतर भाग पडलं नसतं, अशक्य झालं असतं. मी क्लोन आधी करा म्हणतो तो एवढ्यासाठी. साफसफाई, रूपांतर, टाकून देणं, हे सगळं चालत्या घरात बसून करता येतं. थकलेल्या डिस्कवर ते करायला गेलात तर प्रत्येक फाइल उघडताना तिला आणखी राबवता, आणि ती मध्येच बसली तर निवडायला काही उरणार नाही.

साशंक : क्रमाचं तुझं म्हणणं पटलं. आता नकलेकडं येऊ, कारण नक्कल या कामाशी आपल्या तालुक्याचा जुना संबंध आहे. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९१८ साली पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आणि सचित्र आवृत्ती काढा असा आग्रह धरला आणि त्यासाठी एक लाख रुपये द्यायचं कबूल केलं. पुढच्या वर्षी काम सुरू झालं, १९२५ पासून विष्णु सीताराम सुकथनकर प्रमुख संपादक झाले, आणि ग्रंथ पुरा व्हायला १९६६ साल उजाडलं. १२५९ हस्तलिखितं तपासली त्यांनी. एवढी का लागली? मूळ पोथी कुणाकडंच नव्हती, होत्या त्या नकलांच्या नकला. एखादा लेखनिक चुकला की त्याच्या पोथीवरून उतरवलेल्या प्रत्येक पोथीत ती चूक जायची. समासातली टीप पुढचा माणूस मजकुरात घ्यायचा. काश्मीरची शारदा लिपीतली पोथी आणि केरळातली मल्याळम पोथी शेजारी ठेवली, त्या एवढ्या लांबच्या दोघी जिथं जुळल्या तिथं पाठ जुना असं धरता आलं. एकाच पोथीवरून उतरवलेल्या शंभर नकला असल्या तरी त्यांची साक्ष एकीचीच. तुझा क्लोन म्हणजे एका डिस्कवरून काढलेली एक प्रत. समजा माझ्या डिस्कचा एक कोपरा गेल्या उन्हाळ्यातच खराब झाला, एखाद्याच्या स्कॅनची फाइल मुळातच बिघडलेली आहे. तुझं सॉफ्टवेअर ‘काम पूर्ण’ म्हणून हिरवी खूण दाखवेल. बिघाड कळणार कधी? तो माणूस कागद मागायला येईल तेव्हा.

उत्साही : लेखनिक आणि डिस्क यांत एक मोठा फरक आहे. डुलकी लागलेला लेखनिक चुकीचं अक्षर लिहून पुढं जायचा, त्याचं त्यालाही कळायचं नाही. डिस्कवरच्या प्रत्येक तुकड्यासोबत त्याच्या तपासणीची खूण साठवलेली असते. तुकडा खराब झाला तर डिस्क सहसा भलतंच वाचून देत नाही, वाचता येत नाही म्हणून सांगते. म्हणून मी कामाला हात लावायच्या आधी डिस्कची प्रकृती बघतो. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट साधन आहे. निळं दाखवलं तर साधा क्लोन. पिवळं दाखवलं, म्हणजे जागा बदलून दिलेले किंवा वाचायला अडणारे तुकडे दिसले, तर पद्धत बदलायची. साधं क्लोनिंगचं सॉफ्टवेअर खराब जागी अडून बसतं, डिस्क तीच जागा पुन्हा पुन्हा वाचायला बघते आणि त्या खटपटीतच मरते. डीडीरेस्क्यू नावाचं साधन आधी सगळा चांगला भाग उचलून घेतं, खराब जागा सोडून पुढं जातं, त्यांची नोंद एका नकाशाच्या फाइलीत ठेवतं आणि शेवटी त्यांच्याकडं वळतं. मध्ये लाइट गेली तरी तो नकाशा बघून राहिलेल्या जागेपासून पुढं सुरू. जे तुकडे आलेच नाहीत ते कोणत्या फाइलींत पडतात हेही काढता येतं. म्हणजे तुमचा कोणता कागद गेला याची यादी त्याच दिवशी हातात. आणि दुरुस्तीची आज्ञा चालवायची ती प्रतीवर. मरत्या डिस्कवर चेकडिस्क चालवून लोक उरलंसुरलंही घालवतात, हे मला पोटतिडकीनं सांगावंसं वाटतं. आता फाइल मुळात अर्धवटच सेव्ह झाली असेल तर? डिस्कच्या दृष्टीनं तो तुकडा धडधाकट. ती फाइल मला सापडणार नाही, हे खरं आहे. तिथं तुमची काश्मीरची पोथी पाहिजे, म्हणजे दुसरीकडं स्वतंत्रपणे ठेवलेली प्रत. ती तुमच्याकडं आहे?

साशंक : नाही. आणि ती नसल्यामुळंच मला पुढची भीती वाटते. तुझ्या या कामात एक क्षण असा येतो की पडद्यावर दोन डिस्क दिसतात आणि कुठून कुठं ते सांगायचं असतं. उलटं सांगितलं तर? कोरी डिस्क जुन्यावर उतरते. भरलेली पाटी पुसायला तेवढी एक टिचकी पुरते.

उत्साही : ती चूक होते, आणि झाली की माघार नाही. म्हणून दोन्ही डिस्क एकाच मापाच्या असतील तर मी आकड्यांवर विसंबत नाही, कंपनीचं नाव आणि मॉडेल वाचतो. तुमची जुनी १ टीबीची, नवी ५०० जीबीची घेऊ. नजरेलाच फरक दिसतो, आणि साध्या क्लोनमध्ये तुमचा भरलेला मजकूर तेवढ्यात सहज बसतो. मी करतो काय ते तुमच्या समोर ठेवतो. नवी एसएसडी यूएसबीच्या केबलनं बाहेरून जोडायची. जुनी फक्त वाचली जाते, तिच्यावर काही लिहायचं नाही. त्यामुळं मध्ये लाइट गेली तरी जुनी शाबूत, फार तर नवीवरचं काम परत करायचं. नुसता सी ड्राइव्ह उचलून भागत नाही, त्याच्या आधी शंभर-दोनशे एमबीचा एक बारका कप्पा असतो, मशीन सुरू होण्याची वाट त्यात असते, तोही आला पाहिजे. डिस्कला कुलूप लावणारं बिटलॉकर चालू असेल तर आधी थांबवायचं. मग मशीन पूर्ण बंद, चार्जर बाहेर, खालचं झाकण उघडायचं. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. ज्या भोकातला स्क्रू त्याच भोकात गेला पाहिजे, म्हणून मी कागदावर लॅपटॉपचं चित्र काढून त्या त्या जागी टोचून ठेवतो. लांब स्क्रू आखूड भोकात पिळला तर तो वर हात टेकायच्या जागी फुगवटा आणतो. झाकण नखानं नाही, प्लास्टिकच्या पातीनं कडेकडेनं सोडवायचं. आत पहिलं काम बॅटरीची पिन सुटी करणं. मग डिस्कची लोखंडी चौकट, तिचे चार स्क्रू, आणि ती पातळ फीत. तिच्या टोकाला केसाएवढी झडप असते, ती उचलल्याशिवाय फीत ओढली तर डिस्कपेक्षा महाग दुखणं उभं राहतं. तुमच्यात अडीच इंची, सात मिलिमीटर जाडीची एसएसडी बसेल. नव्या लॅपटॉपांत च्युइंगगमच्या कांडीसारखी एम.२ येते, आणि तिथं आणखी फसगत, कारण साटा आणि एनव्हीएमई दोन्ही दिसायला सारख्या. मशीन एकीलाच ओळखत असेल तर दुसरी बसते, पण दिसत नाही. पहिल्यांदा चालू करताना जुनी डिस्क जोडलेली नको, दोघींचा ओळख क्रमांक एकच असतो आणि विंडोज गोंधळते. एवढं झालं की जुनी डिस्क मी तुमच्या हातात देतो. महिना-दोन महिने तिला हात लावू नका. काही चुकलंच तर तीच परत बसवायची.

साशंक : हे तू माझ्यासमोर करतोस म्हणून ठीक. पण लोक काय करतात? लॅपटॉप दुकानात ठेवतात, पासवर्ड चिठ्ठीवर लिहून देतात आणि संध्याकाळी न्यायला येतात. मधल्या वेळेत प्रत एक निघाली की दोन, कुणी बघितलंय? आणि क्लोन करताना पूर्ण डिस्क तुकड्या-तुकड्यानं उचलली, तर पुसलेल्या फाइलीही येतात, कारण हार्डडिस्कवर पुसलेलं दुसरं काही वर लिहिलं जाईपर्यंत जागेवरच असतं. मग जुनी डिस्क माझ्या कपाटात, नवी लॅपटॉपमध्ये, आणि दोन्हींत वडूज-पुसेसावळी-निमसोडच्या शेकडो माणसांची आधार कार्डं. जुनी कधीतरी भंगारात जाईल. भंगारवाल्याकडून ती कुणी घेतली तर? म्हणजे तुझ्या या कामानं जोखीम दुप्पट झाली, तरी तुझ्या दृष्टीनं सगळं सुखरूप. दुसरं, चिपवर तुझा फार भरवसा आहे. हार्डडिस्क मरायच्या आधी टकटक करते, हळू होते, निदान इशारा देते. एसएसडी संध्याकाळी चालत होती आणि सकाळी दिसतच नाही, असं होतं ना? हार्डडिस्क पुण्या-मुंबईला नेऊन पैसे मोजले तर काही परत मिळतं. एसएसडीचं?

उत्साही : कठीण असतं, लपवणार नाही. एसएसडीत तुमची एक फाइल अनेक चिपांत विखुरलेली असते आणि कुठला तुकडा कुठं ठेवला हे फक्त तिच्यातल्या कंट्रोलरला माहीत. तो गेला की चिपा धडधाकट असून उपयोग नाही. पुसलेलं परत मिळवणं तर जवळजवळ विसराच, कारण पुसलं की ट्रिमच्या आज्ञेनं ती जागा मोकळी होते. आणि चिपमध्ये साठतो तो विजेचा भार. झिजलेली एसएसडी वीज न देता कपाटात ठेवली तर तो हळूहळू उतरतो. झिजेची मर्यादा गाठलेल्या घरगुती एसएसडीनं ३० अंशांत वर्षभर तरी तग धरावा, एवढीच प्रमाण मानकाची अपेक्षा असते. आपला उन्हाळा तुम्हाला माहीत आहे. म्हणून जुना साठा ठेवायला मी एसएसडी सुचवणार नाही. लिहून झिजण्याची भीती मात्र उगीच आहे. ५०० जीबीच्या चांगल्या एसएसडीला कंपनी ३०० टीबी लिहिण्याची हमी देते, तुम्ही रोज वीस जीबी लिहिलंत तरी चाळीस वर्षं जातील. तेव्हा क्लोनलाच बॅकअप समजू नका हे मीच तुम्हाला सांगतो. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. जुन्या डिस्कचं म्हणाल तर ती पूर्ण शून्यांनी लिहून काढायची, मगच सोडायची. झटपट फॉरमॅटनं काही पुसलं जात नाही. पण आता मी विचारतो. एवढ्या लोकांचे कागद तुमच्याकडं आहेतच का? २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा टप्प्याटप्प्यानं लागू होतोय. ज्या कामासाठी माहिती घेतली ते झालं की ती ठेवायची नाही, असा त्याचा रोख आहे. सातबारा सरकारच्या सर्व्हरवर आहे, दाखला सरकारच्या सर्व्हरवर आहे. तुम्ही अर्ज भरलात, पावती दिलीत, फाइल पुसायला हवी होती.

साशंक : पासबुक आणि आधार, मान्य. ती माझ्या आळसानं साठली, ती पुसली पाहिजेत आणि नव्या डिस्कवर येताच कामा नयेत. पण सगळं तेवढंच नाही. आपल्याकडची आणि पलीकडं खानापूर-आटपाडीची किती घरं गलाईच्या धंद्यात देशभर पांगलीत ते तुला सांगायला नको. सोनं-चांदी गाळत कुणी कोइमतूरला, कुणी गुवाहाटीला. घर इथं, जमीन इथं, देव इथं, माणसं तिकडं. त्यांचा फोन येतो, ताई, वडिलांच्या वेळचा तो कागद तुम्ही स्कॅन केला होता ना, व्हॉट्सॲपवर टाका. मूळ कागद चुलत्याकडं असतो आणि चुलता देत नाही, किंवा पावसात भिजून गेलेला असतो. २०२३ मध्ये कुणबी नोंदींसाठी न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, त्यानंतर लोकांनी पणजोबांच्या जन्ममृत्यूच्या नोंदी शोधून काढल्या. गाव नमुना १४, पिवळी पडलेली पानं, मोडीतलं अक्षर, कडा तुटलेल्या. मी एकेक पान काचेवर ठेवताना श्वास रोखून धरायची. बोट लागलं की कोपरा गळायचा. कुणाकुणाच्या घरात १९४२ च्या मोर्चाच्या आठवणीचे कागद आहेत. ९ सप्टेंबरला इथं वडूजच्या कचेरीवर आलेल्या त्या मोर्चावर गोळीबार झाला, त्या दिवसाबद्दल म्हाताऱ्यांनी सांगून लिहून घेतलेलं, तेही माझ्याकडं टाइप झालंय, श्री-लिपीतच. यातलं कितीतरी सरकारच्या कुठल्याही सर्व्हरवर नाही. कायदा म्हणेल काम झालं. तो माणूस म्हणतो, ताईंकडं आहे म्हणून मी बिनघोर आहे. मला कुणी ठेवायला सांगितलं नव्हतं, हे खरं. पण मी पुसलं तर ते कुठंच नसेल.

उत्साही : मग ते त्यांना परत द्या. ज्याचं त्याला पेनड्राइव्हवर द्या, डिजिलॉकरमध्ये स्वतःचं स्कॅन चढवता येतं, ते शिकवा. तुमच्याकडं ठेवायचंच तर सांकेतिक शब्दानं कुलूप लावलेल्या कप्प्यात ठेवा, नोंदवहीत लिहा कुणाचं काय आहे, कुणाच्या परवानगीनं आहे. क्लोन करताना तोही कप्पा जसाच्या तसा जाईल आणि दुकानात लॅपटॉप राहिला तरी उघडणार नाही. आणि इथं मला माझी बाजू थोडी बदलावी लागतेय. मी क्लोनची मोठी सोय सांगत होतो ती ही, की काहीच निवडावं लागत नाही. इथं निवडणं टाळलं तर आधार कार्ड आणि मोडीतली नोंद एकाच फोल्डरमध्ये, एकाच भावात पुढच्या डिस्कवर जातात. मशीनला दोन्ही सारखीच. तरीही मी आधी क्लोनच करणार, कारण निवडायला वेळ लागतो आणि डिस्कला तेवढा वेळ नाही.

साशंक : मीही थोडी बदललेय. पहिल्यापासून घाल म्हणत होते तेव्हा माझ्या मनात स्वच्छ, रिकामं मशीन होतं. पण नुसती रिकामी डिस्क मिळाली असती तर मी घाईघाईत त्या फोल्डरांची निवड केली असती, रांग दारात असताना, आणि काहीतरी कायमचं टाकून दिलं असतं. तेव्हा कर क्लोन, माझ्यासमोर, डीडीरेस्क्यू लागलं तर त्यानं. जुनी डिस्क माझ्याच कपाटात राहील. श्री-लिपीतलं आधी युनिकोडला नेऊ, एक फाइल डावीकडं, एक उजवीकडं, विहिरींच्या करारांपासून सुरुवात. आधार आणि पासबुकं पुसू. पण परत देण्याचं तू म्हणालास ते मला अजून जमत नाहीये. द्यायचं कुणाला? ज्याच्या नावाचा कागद तो माणूस काही ठिकाणी राहिलेला नाही. चार वारस चार राज्यांत, दोघांची कोर्टात केस चालू. एक म्हणतो मला द्या, दुसरा म्हणतो त्याला देऊ नका, तिसरी म्हणते पुसून टाका म्हणजे भांडणच नको. मी कुणाचं ऐकायचं? आणि तुझं ते कुलूप. त्याचा शब्द एकट्या मला माहीत असला आणि उद्या मी नसले, तर तो कप्पा तुझ्या मेलेल्या एसएसडीइतकाच बंद. दुसऱ्या कुणाला सांगून ठेवला, तर त्या सगळ्या घरांचे कागद त्याच्या हातात, आणि त्या घरांना मी विचारलेलं नाही. माझ्या मुलीला सांगू? ती पुण्यात नोकरीला आहे, तिला या गावातली निम्मी आडनावं माहीत नाहीत. तुला सांगू?

उत्साही : मला नका सांगू, ताई. मी मशीन उघडणारा माणूस. ज्याच्या हाती डिस्क त्याच्याच हाती किल्ली असू नये. ग्रामपंचायतीकडं, वाचनालयाकडं, असं कुणाकडं तरी…

साशंक : ग्रामपंचायतीत ज्यांचं ज्यांच्याशी पटत नाही त्यांचेच कागद आहेत हे. वाचनालयाचं बघू, पण तिथं कागद दिला की तो सगळ्यांचा होतो, आणि वाटणीचा कागद सगळ्यांचा नसतो. डिस्क तू रविवारी बसव. शब्द कुणाकडं ठेवायचा ते तोवर ठरेल असं मला दिसत नाही.